दादा, ते औषध माझं होतं

प्रिय दादा,

आज वडूजच्या स्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागला. तेल चोपडलेलं अंग, फुगवलेले दंड आणि खाली लिहिलंय, ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन.’ शोकाकुल म्हणून तुझ्याच जिमचं नाव! वाचून माझं डोकं फिरलं. म्हणून तुला लिहायला बसले.

तुझं हृदय ठणठणीत होतं रे. हे तुलाही माहीत आहे आणि तुझ्या जिमच्या त्या कोचलाही.

मी नऊ वर्षांची असताना मला शुगर निघाली. सुई बघूनच आई रडायची, आबा उठून मेंढरांकडे जायचे. टोचायला शिकलास तो तू, स्वतः जेमतेम चौदा वर्षांचा. “रुपे, त्यो बघ कावळा,” म्हणायचास आणि तेवढ्यात टोचून मोकळा! शाळेत मला घाम फुटून हात थरथरायला लागले की धावत येऊन तोंडात साखर कोंबणारा तूच. इन्सुलिन घेतल्यावर साखर उतरली तर काय होतं, हे अख्ख्या गल्लीत तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग असं कसं केलंस?

फ्रिजमधल्या माझ्या बाटल्या कमी व्हायला लागल्या तेव्हा मी विचारलं होतं. “एक फुटली गं माझ्याकडनं, सांगायचं राहिलं,” म्हणालास आणि हसलास. माझ्याशी खोटं बोललास! माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून मी ते बाहेरून घेते. नाही घेतलं तर मरेन. तुझं शरीर हवं तेवढं बनवत होतं. तुला कशाला हवं होतं? दंडावर आणखी थोडं मांस चढावं म्हणून?

सांगलीच्या शरीरसौष्ठव स्पर्धेला आठवडा राहिला होता. जेवण तोडलेलं, आणि वर कोचच्या सांगण्यावरून तू ते टोचून घेतलंस. दुपारी जिममध्ये घामानं निथळलास, बोलणं अडखळायला लागलं, मग बाकावर आडवा झालास. तुझा दोस्त सागर घाबरला. “सर, दवाखान्यात न्यायचा का?” कोच काय म्हणाला, ते सागरनंच मला नंतर सांगितलं. “झोपू दे रं त्याला. घाम आलाय म्हंजी औषध लागू पडलंय.”

दोन तास, दादा! दोन तास तू तिथं पडून होतास आणि बाकीचे शेजारी वजनं उचलत होते.

साताऱ्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर साखर जवळजवळ नव्हतीच. “इन्सुलिन घेतो का हा?” डॉक्टरांनी विचारलं. “न्हाई साहेब, त्याला कसलाच आजार न्हाई,” आबा म्हणाले. सागर आणि कोच तिथंच उभे होते. दोघंही फरशीकडे बघत राहिले. शिरेतून साखर दिली, ती वर आली आणि पुन्हा कोसळली. मी पोचले, तुझ्या पोटावरचे टोचल्याचे डाग बघितले. माझ्या पोटावर तसेच आहेत! मी सागरची कॉलर धरली. “व्हय ताई, घेत हुता. आमी समदेच घेतो,” तो रडायला लागला. मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. पण तोवर मेंदूला व्हायची ती इजा होऊन गेली होती. तू डोळे उघडलेच नाहीस.

आता घरात काय चाललंय ते ऐक. आईनं माझ्या सगळ्या बाटल्या उकिरड्यावर फेकल्या. “ह्येनं माझं लेकरू खाल्लं, घरात नगं मला!” किती वेळ तिला धरून बसले होते मी. “आई, हे माझं औषध आहे गं. त्याचं नव्हतं.” अजूनही मी सुई हातात घेतली की ती खोलीतून उठून जाते. तिला ही धास्ती कुणी दिली? तूच ना?

आणि आबा म्हणतात, “अटॅकच म्हणूया, रुपे. गेलेल्या पोराची अब्रू कशाला घालवतीस?”

त्यांच्या तोंडाकडे बघून मी इतके दिवस गप्प बसले. पण कोच तुझ्या फोटोला हार घालून त्याच पोरांना पुन्हा तेच शिकवतोय, मग मी कुणासाठी गप्प बसू?

उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन मी सगळं लेखी देणार आहे. सागर येतो म्हणालाय. नाही आला तर एकटी जाईन. त्यात कोचचं नाव असेल, आणि तू माझ्या बाटल्या चोरल्यास हेही असेल. लोक तुला नावं ठेवतील. ठेवू देत. तुझी अब्रू राखायला मी दुसऱ्या कुणाचा भाऊ मरू देणार नाही, हा माझा शब्द आहे.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
तुझीच रुपाली