ताईच्या नळाचा नमुना

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, लांब आहे.

इकडे सगळं ठीक. हिचे गुडघे तसेच आहेत, पण जिना उतरताना हल्ली मला नावं ठेवत नाही, जिन्याला ठेवते. मुलीने नोकरी बदलली. गीझरच्या पाइपवर कबुतराने घरटं केलं, म्हणून आम्ही महिनाभर गार पाण्याने आंघोळ करतोय. हा निर्णय हिचा.

पत्र लिहितोय कारण तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मधेच "पुरे रे" म्हणता येत नाही. म्हटलं तरी तो पुढे चालूच राहतो.

तर पाणी.

नळाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि त्यानेच तुझा थायरॉइड बिघडला, असं तू चार वर्षं म्हणत होतीस. मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली, म्हणून मी हसत होतो. हसायला नको होतं. फ्लोराइड फार झालं तर दात आणि हाडं बिघडतात, हे पक्कं आहे. थायरॉइडचं काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही. म्हणजे तुझी शंका वेडेपणाची नव्हती. फक्त आपल्या पाण्यात ते तेवढं नाही. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. मी रोज मोजतो.

जानेवारीत तू भावोजींच्या हाती तुझ्या नळाचा नमुना पाठवलास. रीडिंग आलं नऊ पूर्णांक दोन.

अशा वेळी काय करायचं ते प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. मीच लिहिलंय. उपकरण धुवा, पुन्हा मोजा, त्याच नळाचं ताजं पाणी आणा, मग साहेबांना सांगा. मी यातलं काहीही न करता तुला फोन केला. "ताई, पाणी पिऊ नकोस!" एवढंच बोललो. तू म्हणालीस, "बरं झालं, तुझ्याच तोंडून ऐकलं," आणि फोन ठेवलास. मला वाटलं, तू माठ ओतायला गेलीस. तू जिन्यात गेली होतीस. अर्ध्या तासात चारही मजल्यांना कळलं.

दुपारी साहेब खाली आले. त्यांनी बाटली उघडून नाकाशी धरली.

"वास कसला येतोय?"

"पेपरमिंटचा, साहेब."

"आपण पाण्यात पेपरमिंट घालतो?"

"नाही, साहेब."

"नक्की ना?"

मग मी बाटलीचं अर्धं खरवडलेलं लेबल वाचलं. दातांच्या डॉक्टरांनी तुला दिलेलं चूळ भरायचं औषध. त्यात दातांसाठी फ्लोराइड मुद्दामच घातलेलं असतं. बाटली तू तीनदा विसळलीस, मान्य. पण तिचं झाकण दुहेरी असतं, त्याच्या आत औषध साचून राहतं. झाकण तू विसळलं नाहीस. आणि बाटली पाहून ओळखायला हवं होतं ते मी ओळखलं नाही. तुझ्या नळाचं ताजं पाणी मागवून मोजलं. शून्य पूर्णांक चार.

संध्याकाळी हे तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "दाबलं ना तुला वरून?" ताई, मला दाबायला वर कोणाला वेळ नाही. साहेबांना अजून माझं आडनाव नीट येत नाही.

तोपर्यंत तुमची इमारत कॅनच्या पाण्यावर गेली होती. पुढच्या आठवड्यात सात बायका आणि दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त संगीत शिक्षक आपापलं पाणी घेऊन केंद्रावर हजर. जॅमची बरणी, खोकल्याच्या औषधाची बाटली, एक अत्तराची कुपी. शिक्षकांनी थर्मास आणला होता. त्यात कॉफी निघाली. पाण्याचा थर्मास घरी राहिला होता. मी सगळ्यांना आमच्या स्वच्छ बाटल्या देऊन परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आठ नमुने आले. आठांचं रीडिंग सारखंच. शिक्षक म्हणाले, "आठही जण एका सुरात? मग नक्कीच काहीतरी शिजतंय."

इथवर लिहून झाल्यावर हिने पत्र वाचायला घेतलं. वाचून म्हणाली, "गोळीचं कुठेय?"

"येतंय."

"चार पानं झाली."

तर गोळी. भावोजींवर चिडू नकोस. त्यांनी मला बाथरूममधून फोन केला, नळ सोडून, म्हणजे तुला ऐकू जाऊ नये. म्हणाले, "तुझ्या बहिणीने थायरॉइडची गोळी बंद केलीय. कारण सापडलं म्हणते, आता पाणी बदललं की गळा आपोआप ताळ्यावर येईल. दुपारी चारला झोपते, सातला उठते आणि मला विचारते, दूध आलं का."

मी म्हणालो, "तुम्ही समजवा ना तिला."

"मी? मी शेजारच्या इमारतीत जाऊन चोरून नळाचं पाणी पितो रे!"

दोन महिने, ताई. माझ्या एका फोनमुळे.

गेल्या रविवारी तू फोन उचललास. आवाज जड होता, शब्द ओढून आणल्यासारखे येत होते. मला वाटलं, आई बोलतेय. मे महिन्यात ती स्वेटर घालून खुर्चीत झोपायची आणि आपण दोघं तिला आळशी म्हणायचो, आठवतं? तिचं रक्त कधी कोणी तपासलं नाही. या केंद्राचं पाणी तिने एक घोटही प्यायलं नाही, ते ती गेल्यावर बांधलं. पाण्यातून काय येतं ते मी मोजू शकतो. तिच्याकडून आपल्याला काय आलं, ते मोजायचं उपकरण आमच्याकडे नाही.

"आपल्याला" असं लिहिलंय ते चुकून नाही.

तीच गोळी मी तीन वर्षं घेतोय. रोज सकाळी, उपाशीपोटी, चहाआधी अर्धा तास. जीवनसत्त्वांच्या डबीत ठेवतो. तू येणार असलीस की डबी फ्रीजच्या मागे जाते. पाणी तपासणारा माणूस आणि त्यालाच थायरॉइड! यावर तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. म्हणून सांगितलं नाही. वर तुलाच हसत राहिलो.

आणखी एक. दर सोमवारी मी जेवणाच्या पिशवीतून माझ्या घरचं पाणी नेतो आणि सगळे चहाला गेले की मोजतो. तुझं ऐकून. तीन वर्षं एकच आकडा येतो. म्हणून नऊ पूर्णांक दोन दिसलं तेव्हा मी घाबरलो नाही. मला बरं वाटलं. सापडलं एकदाचं, माझा काही दोष नाही, आईचा नाही, सगळा पाण्याचा. तुला जे वाटलं तेच मला वाटलं, फक्त दुपारपर्यंत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकाट्याने गोळी घेतली. मी भित्रा आहे. तू नाहीस, आणि या वेळी तेच महागात पडतंय.

पाणी तू कॅनचं पी, नळाचं पी, मी एक अक्षर बोलणार नाही. पण शनिवारी सकाळी सातला रक्त घेणारी मुलगी तुझ्याकडे येईल. मी दोघांची वेळ घेतलीय. पहिल्या बसने पोचतो. ती विचारेल, आधी कोण, तर आधी मी. सुई पाहिली की मला घेरी येते, तेव्हा तू खुर्चीला टेकून उभी राहा. मग तुझा हात. दुपारी रिपोर्ट येतील. माझा तू उघड, तुझा मी उघडतो, आणि दोन्ही घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ. ते जेवढी म्हणतील तेवढीच गोळी. आपल्या मनाने एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तुझ्याच नाही, माझ्याही मनाने.

वाटेत जे बोलायचं असेल ते बोल. मी मधे तोडणार नाही.

रागावलेली चालेल. जागी राहा.

तुझा
धाकटा