मागच्या फळीत निघालेलं कापड

प्रिय दादा,

आज विलासला भर पाण्यात नेलं आणि इंजिन बंद केलं. हो, तोच, तुझा शाळेपासूनचा दोस्त, आपल्या पट्ट्यातल्या सगळ्या लग्नांचे मांडव घालणारा विलास! त्याचा चेहरा असा काही उतरला होता की तू असतास तर मलाच ओरडला असतास. म्हटलं, दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत आपणच कळवावं. बोटांना अजून फायबर जोडायचं रेझिन चिकटलंय, अक्षर वाईट येतंय, चालवून घे.

तुझी बोट पाण्यात आहे, दादा.

तू गेलास तेव्हा ती शेताच्या बांधाला पालथी पडली होती. मागची फळी फाटून इंजिन धरणात गेलं, त्या दिवसापासून तू तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतंस. बोटीत पाणी भरत असताना तू एकेका उतारूला ओढून काठाला आणलंस. बुडाली ती फक्त धोंडीमावशीची शेळी. पण माणसं वाचली हे गावाला कुठे आठवतं? शेळीच आठवते!

आणि ज्यानं तुला ही बोट विकली तो विलास काठावर उभा राहून काय म्हणाला होता, आठवतं ना? "दर दसऱ्याला तोरणासाठी खिळा ठोकतोस. खिळ्यातनं पाणी शिरलं, फळी कुजली. मी तुला चांगली बोट दिल्ती रे!" सगळ्यांच्या समोर. तू ओल्या कपड्यांत कुडकुडत उभा होतास आणि मान खाली घातलीस. का रे घातलीस? मी तिथेच होते.

खिळे तू मारायचास, हे खरंच. लोक दसऱ्याला विळ्या-कोयत्याला, मोटारसायकलला झेंडू बांधतात, तू बोटीला बांधायचास. दोरीनं बांधलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण नाही! घराच्या चौकटीला मारतो तसा मागच्या फळीवर दरवर्षी नवा खिळा, कारण गेल्या वर्षीचा गंजका खिळा देवाला कसा चालेल! वरून फायबर असलं तरी त्याच्या पोटात लाकूड असतं आणि भोक पडलं की ते पाणी पितं, हे भातशेती करणाऱ्या आपल्या घरात कुणाला माहीत होतं? मला मुरबाडला फायबरच्या दारांच्या कारखान्यात लागल्यावर कळलं. तोवर तुझी बोट गेली होती.

पुढे तू बोलणंच टाकलंस. काठावर जाईनास. कोणी हाक मारली तर आत जाऊन झोपायचास. कावीळ झाली ती अंगावर काढलीस. आई म्हणायची, शहापूरला दाखवून ये, तर तुझं एकच, "मला काय व्हतंय?" त्यातच गेलास. आपल्या हातानं बोट कुजवली, असं मनात घेऊन बसलास. मी रागावले आहे तुझ्यावर, दादा. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावले आहे.

तुझ्या तेराव्याला मांडव विलासचाच होता. दोस्तीखातर घातला, म्हणाला. लाल-पिवळं मोराचं कापड, ज्याच्याखाली आपल्या पट्ट्यातल्या सगळ्यांची लग्नं लागली, माझंही लागलं. त्याच कापडाखाली बसून चहा पीत तो चारचौघांना सांगत होता, "देवभोळा व्हता बिचारा. खिळ्यांनी बोट खाल्ली आन् बोटीनं त्याला." आत मी चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात धरून उभी राहिले. त्याच वेळी ठरवलं की बोट उघडून बघायची. खिळ्यांनी खाल्ली असेल तर निदान मला माझ्या डोळ्यांनी बघू दे!

दर रविवारी मुरबाडहून यायचे, तुझे दाजी गाडीवरून सोडायचे. आधी फळी वाजवून पाहिली. मडकं घेताना बोटानं वाजवून बघतो ना, तसंच नाण्यानं. चांगलं लाकूड असलं की आवाज खणखणीत येतो, कुजलेलं असलं की भद्द. तुझ्या खिळ्यांभोवती थोडं भद्द वाजलं. वाईट वाटलं. पण खाली, तळाजवळ, जिथं तू कधी खिळा मारलाच नाहीस, तिथं इकडून तिकडे सगळं भद्द!

मग कटर लावला. फायबरचा आतला थर खिडकीसारखा कापून काढला. तुझ्या खिळ्यांपाशी आठाण्याएवढे काळे डाग होते, बस. ते लाकूड पटाशीनं खरवडलं तर मागे पांढरं, टणक निघालं. आणि तळाला? तळाला लाकूडच नव्हतं, दादा! चहाच्या चोथ्यासारखा काळा चिखल आणि त्याच्यावर बोळे कोंबलेले. एक बोळा ओढून उलगडला. लाल-पिवळा. त्यावर अर्धा मोर.

रेझिनमध्ये बुचकळून, फटीत कोंबून, वर गाडीची पुट्टी, त्यावर फायबरचा एकच पातळ थर आणि निळा रंग! तुला बोट देण्याआधीच हे सगळं करून ठेवलं होतं त्यानं. आणि तू त्या रंगावर हात फिरवून म्हणाला होतास, "कशी गुळगुळीत आहे बघ गो!"

एकदा कापून बघायचं होतंस ना रे! एकदाच! पण दोस्ताच्या शब्दावर तुझा विश्वास, आणि स्वतःवर नाही.

दाजी म्हणाले, पंचांपुढे ठेवू. आई म्हणाली, आता माणूस गेला, कशाला? मी दोघांचंही ऐकलं नाही आणि कुणाला काही बोललेही नाही. मला विलास पाण्यावर हवा होता.

म्हणून नीट काम केलं. एवढं नीट कारखान्यातही कधी केलं नसेल. ओला चिखल सगळा खरवडला, पोकळी पूर्ण वाळू दिली, थंडी सरेपर्यंत थांबले. पुठ्ठ्यावर माप कापून कल्याणहून आणलेलं प्लायवूड त्याच आकाराचं कापलं, कडा रेझिन पाजून बंद केल्या, मग फायबरचे थर, एकावर एक. काचेची भुकटी अंगाला अशी खाजायची की रात्रभर जीव नकोसा व्हायचा. प्रत्येक थराला मी विलासचं नाव घेत होते, आणि ते काही देवाचं घेतात तसं नव्हे! शेवटी, त्याच दिवशी तूच दोर टाकून बाहेर काढलेलं इंजिन दुरुस्त करून लावलं, आणि त्याच्यावर मी आणि दाजी दोघं उभे राहून नाचलो. फळी हूं की चूं नाही.

आणि विलास आपल्या पायांनी आला. धोंडीमावशीच्या भाचीचं लग्न पलीकडच्या पाड्यावर, तिथं टेम्पो जात नाही. "हर्षे, बोट चालू केलीस म्हनतात. चार बांबू आन् कापड न्यायचंय गो."

"न्या की. सामान पुढं ठेवा, तुमी मागं बसा, इंजिनापाशी," मी म्हटलं. आजवर मी त्याला विलासदादा म्हणत होते. आज म्हटलं नाही. त्याच्या लक्षात आलं नसावं.

विलासचे दोन गडी सामानाबरोबर पुढे बसले, धोंडीमावशीही आली. त्या शेळीनंतर पहिल्यांदा बोटीत बसली, ती भाचीच्या हळदीसाठी. तुझी बोट फाटली होती त्याच जागी, काठावरच्या उंबराच्या समोर, मी इंजिन बंद केलं. पिशवीतून ते कापड काढलं आणि विलासच्या मांडीवर टाकलं.

"काय गो हे?"

"तुमचंच हाय. मागच्या फळीतनं निघालं."

धोंडीमावशीनं कापड उचलून उन्हात धरलं. "हा तर मांडवातला मोर! आमच्या सगुणेच्या लग्नाला व्हता."

"हर्षे, इंजिन चालू कर. मला पवता येत नाय."

"मला येतं," मी म्हटलं. "मावशीला बी येतं."

"माझ्या शेळीला येत व्हतं रे," मावशी त्याच्याकडे बघत म्हणाली, "पन ती बांधलेली व्हती."

मग सांगितलं त्यानं. बोट त्याच्याकडे आली तेव्हाच कुजकी होती. त्यालाही कुणीतरी फसवलं होतं, त्यानं पुढे ढकलली. "वाटलं, टिकंल," म्हणाला.

"आन् खिळे?"

"खिळ्यांनी काय नाय झालं."

"मोठ्यानं बोला."

मोठ्यानं बोलला, दादा. मांडवाचे बांबू धरून पुढे बसलेल्या त्याच्या दोन्ही गड्यांनी ऐकलं, मावशीनं ऐकलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांनी ऐकलं असणार!

इंजिन पहिल्या दोरीला सुरू झालं नाही. शपथेवर सांगते, ते मी मुद्दाम केलं नव्हतं. विलासनं दोन्ही हातांनी मागची फळी घट्ट धरली. मी घातलेली फळी! मला दया आली असेल असं तुला वाटत असेल. नाही आली. फार बरं वाटलं. दुसरी दोरी ओढायच्या आधी मी थोडा वेळ पदरानं घाम पुसत बसले.

ते कापड आणि त्या फळीचा कापून काढलेला एक तुकडा काठावरच्या उंबराला टांगलाय, बोटीची वाट बघत लोक बसतात तिथं. विचारलं तर सांगायला मावशी आहेच.

आता एक शब्द देते. मागच्या फळीवर एक खिळा मी ठेवलाय. आधी मोठं भोक पाडून रेझिननं भरलं आणि त्यात तो बसवला, आता थेंबभर पाणी शिरणार नाही. दसऱ्याला तोरण त्यालाच बांधायचं. पण ते मी बांधणार नाही. तोरणं बांधणं ज्याचा धंदा आहे, तो विलास बांधेल. सगळ्यांसमोर, काठावर, तू मान खाली घातलीस त्याच जागी उभा राहून. या वर्षी, पुढच्या वर्षी आणि त्याच्याही पुढच्या. त्याचे हात चालतायत तोवर.

तुझी,
"बोटीला हात लावू नको" म्हणून जिला ओरडायचास, ती
हर्षदा