धुळवडीच्या दिवशीचं ग्रहण

प्रिय समीक्षा,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून हे कागदावर लिहितेय. कॉलेजात आपण विज्ञान मंडळाची निमंत्रणं हातानं लिहायचो, त्यानंतर एवढं लांब काही लिहिलेलं नाही. अक्षर बिघडलंय. सांभाळून घे.

इकडं मेडशीत ऊन कडक झालंय. मेथी संपत आली, वांगी चालू आहेत. गणेश सकाळी माल घेऊन मालेगावच्या बाजारात जातो, दहापर्यंत परत येतो. मी आणि सासूबाई तोडणी करतो. दुर्बीण पलंगाखाली आहे, चादरीत गुंडाळून. मंडळाचे धम्मपाल सर न्यायला येतील म्हणून मी आरसे पुसून ठेवले होते, पण ते आले नाहीत. मला काढून टाकलंस, तरी दुर्बीण तुमचीच आहे. कोणाला तरी पाठव.

धुळवडीच्या संध्याकाळी जऊळक्याच्या माळावर काय झालं ते मला सरांकडून फोनवर कळलं. चंद्र उगवतानाच ग्रहण लागलेला दिसणार, जेमतेम वीस मिनिटं, म्हणून तुम्ही चार वाजल्यापासून तयारीत होतात. माझ्याच माहेरचं गाव, त्यामुळं बायकाही आल्या होत्या. आणि गर्दीतल्या कोणीतरी मोठ्यानं सांगितलं, की तुमच्या सुचिताबाई तर मेडशीत खोलीत कोंडून बसल्या आहेत. लोक हसले. निम्म्या बायका चंद्र उगवायच्या आत घरी गेल्या. रात्री तुझा निरोप आला, "आजपासून तू मंडळात नाहीस. लाज वाटली मला तुझी."

मी खोलीत बसले होते, हे खरं आहे. दुपारी तीनपासून संध्याकाळी सातपर्यंत. गव्हाच्या कोठ्यांची खोली, खिडकीला गोणपाट, मांडीवर नारळ. पाणी प्यायचं नाही, पाय मुडपायचा नाही, लघवीलासुद्धा उठायचं नाही. बाहेर पोरं रंग खेळून दमली होती, हापशावर अंगं धूत होती, ते ऐकू येत होतं. आणि समीक्षा, मला माहीत होतं की तीन वाजता चंद्र अजून क्षितिजाखाली आहे. जो चंद्र आपल्या गावाला दिसतच नव्हता, त्याला भिऊन मी अंधारात बसले होते. स्वतःशी मिनिटं मोजत होते. पाच तेहतीस, आता खग्रास सुटलं. सहा पंचवीस, आता तुम्हाला पूर्वेला दिसायला लागला असेल. कडी बाहेरून लावलेली नव्हती. हे मुद्दाम लिहितेय. मी कधीही उठून दार उघडू शकले असते.

सप्टेंबरच्या ग्रहणाला इथल्या शाळेच्या गच्चीवर किती माणूस जमलं होतं, तुला आठवत असेल. चंद्र तांब्यासारखा झाला होता, आणि बायका जिन्यातच थांबल्या होत्या, वर यायला तयार नव्हत्या. तेव्हा तू माझ्या कानात म्हणालीस, "तूच सांग त्यांना. तुझ्या सांगण्यानं येतील." आणि माईक माझ्या हातात दिलास. दोन महिने झाल्याचं मी फक्त गणेशला आणि तुला सांगितलं होतं. मी माईकवर सांगितलं, की मी गरोदर आहे, मी ग्रहणात उभी आहे, आणि मला काही होणार नाही. टाळ्या झाल्या. बायका वर आल्या. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही खूप मोठं काही केल्यासारखं वाटलं.

तीन आठवड्यांनी मला दवाखान्यात न्यावं लागलं. तू दुसऱ्याच दिवशी आलीस, माझ्या उशाशी बसलीस. "हा योगायोग आहे, सुचिता. खचू नको. पुढच्या ग्रहणाला तू आलीच पाहिजेस, नाहीतर लोक म्हणतील तेच खरं ठरेल." तू बरोबरच बोलत होतीस. पण मी तेव्हा भिंतीकडं तोंड केलं होतं, ते झोप आली म्हणून नाही. एक दिवस तरी तू मला फक्त रडू द्यायला हवं होतंस.

गावानं तोंडावर काही म्हटलं नाही. हळदीकुंकवाला मला बोलवायचं राहून जायला लागलं, एवढंच. शेजारच्या आवडाबाईंच्या सुनेला दिवस होते, मी दिसले की ती पदर पोटावरून घेऊन आत जायची. गणेश एकदाच बोलला, तेही वाफ्याला पाणी देताना, माझ्याकडं न बघता. "मी तुले अडवत नाही. पन तू बाहीर गेली अन् परत काही झालं, तं मी मायेले काय सांगू?"

आता तुला कळलं असेल. जानेवारीत मला पुन्हा दिवस राहिले. तीन महिने कोणालाच सांगायचं नाही असं घरात ठरलं, म्हणून दवाखान्यातसुद्धा गेलो नाही. तुला सांगायचं नाही हे मात्र माझं मी ठरवलं. तुला कळलं असतं, तर तू परत माझ्या हातात माईक दिला असतास. इकडं घराला मी खोलीत हवी होते, तिकडं तुला माळावर. दोघांनाही माझं पोट पुरावा म्हणून हवं होतं. आणि मी माळावर आले असते आणि काही झालं असतं, तर मेडशीतली एकही सून पुन्हा कधी दुर्बिणीजवळ आली नसती. मी खोली निवडली. निवडली म्हणणंही खरं नाही. दुसरीकडं जायला जागाच उरली नव्हती.

मार्चच्या एकवीस तारखेला तेच झालं. सगळं पाळून.

या खेपेला वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड फार वाढलेला निघाला. त्या म्हणाल्या, "दोन्ही वेळचं कारण हेच असू शकतं. सप्टेंबरातच तपासणी करून गोळी सुरू करायला हवी होती." रोज सकाळी एक गोळी. मी त्यांच्या खोलीत बसून हसायला लागले, गणेश घाबरला. सहा महिने गाव म्हणत होतं ग्रहणामुळं झालं, आपण म्हणत होतो ग्रहणामुळं नाही झालं. मग कशामुळं झालं, हे कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही, समीक्षा. बी.एस्सी. झालेली, मंडळाची सेक्रेटरी. आत कुठंतरी मला वाटत होतं की माझ्याच हातून झालंय, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर चौथ्या दिवशी आवडाबाई ओट्यावर आल्या. मी आत निजले होते. म्हणाल्या, "खिडकीतून पाह्यलं असंन तिनं. सवयच हाये ना तिले." सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "नाही पाह्यलं तिनं. मी दाराशी बसून होती चार घंटे. उठ माह्या ओट्यावरून."

दुसऱ्या दिवशी वांग्याच्या ओळीत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. खाली बघतच बोलल्या. पंचाण्णवच्या दिवाळीत सकाळचं सूर्यग्रहण होतं, तेव्हा त्यांना सहावा महिना होता. त्याच खोलीत बसल्या, काही खाल्लं नाही, काही चिरलं नाही. मूल मेलेलं जन्मलं. त्यांच्या सासूनं गावभर सांगितलं, की हिनं खोलीत सुपारी कातरली असेल. "मी नव्हती कातरली, सुचिता. पन समदे इतके म्हनाले, मंग मलेच वाटाले लागलं, कातरली असंन का मी? तीस वर्सं झाले, अजून कधी कधी वाटते."

मी विचारलं, "मंग मले काहून बसवलं तुम्ही?"

"तुले कोनी बोलू नये म्हनून," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ वांगी तोडत राहिल्या. "पन बोललेच."

गणेशला हे माहीत नव्हतं. सासऱ्यांना माहीत होतं, ते गेले. तीस वर्षांत हे त्यांच्या तोंडून ऐकणारी मी पहिली.

सर म्हणाले, पुढच्या महिन्यात धनजला बायकांसाठी मंडळाचा कार्यक्रम आहे आणि ग्रहणावर तू बोलणार आहेस. मला येता येणार नाही. गणेश आता मंडळाचं नावही काढू देत नाही, आणि त्याच्याशी भांडायची ताकद सध्या माझ्यात नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. ते तिथं मोठ्यानं वाच. तुझ्यावरचा राग आहे तोही वाच, गाळू नको. माझं नाव घे, गावाचं नाव घे. सासूबाईंचं, गोजराबाईंचंही घे, मी विचारलंय, त्या म्हणाल्या, "टाक नाव. पोरीईच्या कामी येईन." आणि चंद्राचं, सावलीचं सांगायच्या आधी त्यांना विचार, कोणाकोणाचं मूल गेलंय. हात वर करायला लावू नकोस, नुसतं विचार. मग सांग की कोणाकडंही बोट दाखवण्याआधी रक्त तपासून घ्या. त्यातली एक जरी बाई दवाखान्यात गेली, तर मला कळव. सासूबाईंच्या नावानं पोस्टकार्ड टाक. त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन.

तुझीच,
सुचिता