चालवले. ठीक.

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.
आज सकाळी इंजिनाला हात जोडले, चालवलं मात्र नाही. शहराची वीज गेली तरच नगरपालिकेच्या या तेलावरच्या वीजघराला काम. ती वर्षभर गेलेली नाही. दर सोमवारी अर्धा तास चाचणी घ्यायची असते, पण त्या धडधडीत नामस्मरण होत नाही. वहीत लिहिलं : ‘चालवले. ठीक.’ पुढच्या सोमवारपासून नक्की.

१० मार्च, सोमवार.
गुडघा दुखतोय. ‘चालवले. ठीक.’ फिटर म्हणजे माझा सख्खा मेव्हणा, मीच चिकटवलेला. म्हणाला, दाजी, बॅटऱ्या उतरल्यात, इंजिन वहीवर चालत नसतं. तोंडाळ आहे. चार्जिंगचं बघू म्हटलं.

१३ मार्च, गुरुवार.
दुपारी वीज गेली. बटण दाबलं. खट्. बस्स. दवाखान्यात ऑपरेशन टॉर्चवर उरकलं. रोगी वाचला. म्हणजे देवाचं लक्ष आहे. इंजिन लागलं असतं तर हे कळलंच नसतं.

१४ मार्च.
साहेबांनी वही पाहिली. म्हणाले, सोमवारी चाललेलं इंजिन गुरुवारी मरतं म्हणजे फिटरनेच माती खाल्ली. मेव्हणा सस्पेंड. वही खोटी आहे, एवढंच सांगायचं होतं. पण साहेब जेवायला निघाले होते. उपाशी माणसाला अडवू नये. सोमवारी सांगायचं. ठरलं.

१७ मार्च, सोमवार.
साहेब मीटिंगमध्ये. घरी बायको ताटं आपटते. राग वाईट, हे तिला शांतपणे समजावलं. आणखी एक ताट आपटलं.

२४ मार्च.
चौकशी. साहेबांनी मेव्हण्याला विचारलं, काही म्हणायचंय? तो म्हणाला, दाजींना विचारा. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, वहीत आहे तेच. त्याला कामावरून काढलं. बाहेर आल्यावर म्हणाला, ताईला मी सांगतो माझंच चुकलं म्हणून, तुमच्यात भांडण नको. उशिरा का होईना, अक्कल आली.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.
अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून थेट साहेबांच्या केबिनमध्ये. सगळं सांगितलं : इंजिन वर्षभर चालवलंच नाही, वही खोटी, मेव्हण्याचा दोष नाही. साहेब उठले. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, बायकोच्या भावासाठी स्वतःवर आळ घेणारा आजवर पाहिला नाही, देवमाणूस आहात. पण ऑर्डर काही बदलणार नाही. चहा मागवला.
मोठ्या माणसाचं म्हणणं खोडणं बरं दिसलं नसतं. चहा घेतला.
खरं सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं.