पाणी हा पेशंट नव्हे

३ मार्च
पीएच.डी.चं सातवं वर्ष. संकल्प एक: एकवीस तारखेला कमिटी बसायच्या आत शोध लावायचा. नाही लागला तर मुदतवाढ नाही, टेबल रिकामं करायचं, असं मॅडम म्हणाल्या. मॅडम माझ्या गाइड. त्यांना उगाच घाई असते.
संकल्प दोन: प्रत्येक नळीला नवे ग्लोव्हज.

४ मार्च
संधिवाताच्या चौदा पेशंटांचं रक्त आलं. तुलनेला एक निरोगी माणूस हवा. लॅबमध्ये विचारलं, तर सगळ्यांना एकदम कामं निघाली. शेवटी स्वतःचंच दिलं. विज्ञानासाठी रक्ताचं पाणी करणारे पुष्कळ, प्रत्यक्ष रक्त देणारा मी एकटा.
ग्लोव्हज संपत आलेत असं वाटतं. संकल्प दोन सोमवारपासून.

७ मार्च, दुपारी
हात बसावा म्हणून आधी माझंच रक्त तपासायला घेतलं. रक्तातल्या पहारेकरी टी-पेशी रिसेप्टरने शत्रू ओळखतात; मशीनने त्या रिसेप्टरच्या जीन्सच्या कोट्यवधी कॉपी काढल्या. बघू तरी, म्हणून नळी तिथंच उघडली, पेशंटांच्या नळ्यांशेजारी. टेक्निशियन बाई धावत आल्या. कॉपी झालेली नळी या खोलीत उघडायची नसते, उडालेल्या कॉपी जिथं तिथं जाऊन बसतात, म्हणाल्या. बाई चौदा वर्षं इथं आहेत आणि दिसेल त्यावर ब्लीच मारतात. मी त्यांना ब्लीचबाई म्हणतो. मनात.

१२ मार्च
सापडलं!!
प्रत्येक टी-पेशी जीन्सचे तुकडे कापून-चिकटवून आपला रिसेप्टर स्वतः बनवते. दोघांचा हुबेहूब जुळणं म्हणजे दोन अनोळखी माणसांनी एकच लांबलचक पासवर्ड ठेवणं. आणि माझ्या चौदापैकी बारा पेशंटांत एकच रिसेप्टर! संधिवातात याच पेशी आपल्याच सांध्यांवर उलटतात, म्हणजे दुखण्याचं मूळच हाती लागलं. त्याला माझं नाव द्यायचं ठरवलं.
आईला फोन केला. तिचे गुडघे याच दुखण्याने गेलेत. वर्षभरात औषध, असं सांगून टाकलं. ती रडली. मीही थोडा रडलो.

१३ मार्च
मॅडमनी विचारलं, निरोगी नमुन्यात आहे का? आहे. सगळ्यात जास्त आहे. म्हणजे मलाही संधिवात होणार. सकाळपासून डावा गुडघा दुखतोच आहे. पुरावा आणखी बळकट.

१५ मार्च
ब्लीचबाईंनी परस्पर नुसत्या पाण्याची नळी मशीनमध्ये लावली. रक्ताचा थेंब नाही. तिच्यातही तोच रिसेप्टर. बाईंनी ती नळी माझ्यासमोर धरली. मी समजावलं, पाणी हा काही पेशंट नव्हे. यापुढे पाणी लावायचं नाही.

१८ मार्च
गुडघ्याचं दुखणं वाढलं. जिना कठडा धरून उतरलो. पन्नास स्लाइड्स तयार.
आईने सगळीकडे सांगून ठेवलंय. शेजारच्या काकूंनी विचारलं म्हणे, औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर.

२१ मार्च, संध्याकाळी
सातव्या स्लाइडवर थांबवलं. मॅडमनी ब्लीचबाईंकडून उरलेलं रक्त दुसऱ्या खोलीत, पहिल्यापासून तपासून घेतलं होतं. तो रिसेप्टर एकाही पेशंटात नाही. फक्त माझ्यात आहे. माझ्याच कॉपी उडून बारा नळ्यांत गेल्या. आणि पाण्यात.
म्हणजे त्याला माझं नाव द्यायचा निर्णय तेवढा बरोबर होता. नाव स्लाइडवर मोठ्या अक्षरात होतं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.
गुडघा जागच्या जागी बरा झाला.
मुदतवाढ मिळाली. तीन महिने, ब्लीचबाईंच्या हाताखाली.

रात्री आठ
आईला सांगितलं. ती म्हणाली, काखेत कळसा न् गावाला वळसा. मग म्हणाली, जाऊ दे रे, गुडघ्यांची मला सवय झालीय. तू जेवलास का?
फार लाज वाटली.

२२ मार्च
सकाळपासून टेबल ब्लीचने पुसतोय. संकल्प: प्रत्येक नळीला नवे ग्लोव्हज. आजपासून. बाईंना विचारलं, ग्लोव्हज कधी येणार? त्यांनी माझ्याच टेबलाखालचं कपाट उघडलं. सहा खोकी, सील न तोडलेली. तीन तारखेलाच ठेवली होती म्हणाल्या.