भेटीचे कारण: सदिच्छा

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
ठरलं. वाडीमागचं मैदान वाचवायचं. बिल्डरांच्या संघटनेला तिथे पार्किंगचा टॉवर हवाय. त्यांची माणसं मंत्र्यांना आठवड्यातून दोनदा भेटतात, नोंद कुठेच नाही. माझी मागणी एकच: मंत्री कोणाला, कधी, कशासाठी भेटले ते वेबसाइटवर टाका. नावं उघडी पडली की टॉवर बारगळलाच. एवढी अक्कल अख्ख्या गिरगावात मला एकट्याला आहे.

५ फेब्रुवारी
तळमजल्यावरचा धोंडू आला. पूर्वी परळला गिरणीत होता, आता पुढारी. म्हणाला, मनमोहनराव, हरकतींची मुदत अठ्ठावीसपर्यंत, दोनशे बारा सह्या झाल्यात, तुम्ही साहेबलोकांत बसलेले, तुम्हीच नेऊन द्या. पहिली सही माझीच घेतली होती. सह्या म्हणे! निम्म्यांना आपलं नाव धड लिहिता येत नाही. ठेवून घेतल्या.

१२ फेब्रुवारी
मंत्रालय. पासच्या फॉर्मवर ‘भेटीचे कारण’ असा रकाना. मी लिहिलं, ‘लॉबीबाजीबद्दल जाब विचारणे’. खिडकीतली बाई म्हणाली, काका, यावर पास निघत नाही, सदिच्छा भेट लिहा. लिहिलं. याला म्हणतात गनिमी कावा.

बाहेर दीड तास बसलो. तेवढ्यात लिननच्या शर्टातले तिघे आतल्या दाराने सरळ गेले. ना पास, ना सही. गाढव लेकाचे! उद्या यादी लागली की यांच्याकडे पुरावा काय? मी मात्र रजिस्टरमध्ये पूर्ण नाव, पत्ता, ठळक सही केली.

मंत्रीसाहेबांनी चार मिनिटं दिली. यादीची मागणी तिथल्या तिथे मान्य! तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत म्हणाले. शाल घातली, फोटो काढला. सह्या पिशवीत होत्या. पण खांद्यावर शाल असताना हरकत काढणं बरं दिसेना.

१३ फेब्रुवारी
बायकोने, राजलक्ष्मीने विचारलं, मैदानाचं काय म्हणाले? सांगितलं, विषय निघाला नाही, मुळावर घाव घातलाय. ती म्हणाली, बरं, आणि शेजारच्या शेवंतीबाईंबरोबर मैदानातल्या बाकावर बसायला गेली. तीस वर्षं रोज संध्याकाळी तोच बाक. धोरण वगैरे तिच्या डोक्यावरून जातं.

२० फेब्रुवारी
फोटो फ्रेम केला. धोंडूने जिन्यात अडवलं, सह्या दिल्या का? म्हटलं, वरच्या पातळीवर बोलणं चालू आहे. अर्धवटांना हल्ली सगळं लगेच हवं असतं.

२८ फेब्रुवारी
सह्या नेऊन द्यायला निघालो होतो. मग वाटलं, यादी कोणत्याही क्षणी लागेल, उगाच मंत्र्यांचा विश्वास का गमवायचा? शिवाय ऊन फार.

१ मार्च, सकाळी ११.४०
विजय! यादी वेबसाइटवर लागली. ‘फेब्रुवारीतील भेटी’. एकूण एक.

नाव माझं. पत्ता बरोबर. विषय: मैदानाचा विकास. कारण: सदिच्छा. रहिवाशांशी चर्चा: झाली. हरकत: नाही.

बाकीची पानं लोड व्हायची असतील.

२ मार्च
एकोणीस वेळा रिफ्रेश केलं. एकच ओळ. वाडीच्या ग्रुपवर कोणीतरी ती ओळ आणि माझा शालीतला फोटो शेजारी शेजारी टाकलाय. नळावर वाडीतल्या मेघनाने पाठ फिरवली. जळतात.

४ मार्च
मैदानाला पत्रे लागले. राजलक्ष्मी संध्याकाळी गॅलरीत बसली.

धोंडू आला. भांडेल वाटलं होतं. उत्तर तयार ठेवलं होतं, तीन मुद्दे. त्याने फक्त सह्या परत मागितल्या. म्हणाला, मुदत संपली असली तरी उद्या मी नेऊन देतो, घेतात का बघू. कपाटात शालीखाली होत्या. दिल्या.

उभ्या उभ्या वरचा कागद पाहिला आणि म्हणाला, जरा पेन द्या. पहिलं नाव खोडायचंय.

पेन मीच दिलं.