मोत्याच्या गळ्यातला पट्टा

चि. वाल्मीक,

शेजारच्या भिमाबाईला चावलेला कुत्रा तुमचा आहे काय, असे तिच्या पौडच्या वकिलांनी पत्र पाठवून विचारले होते. त्या पत्राला मी उत्तरच दिले नव्हते.

तू म्हणालास, "लिवा की, कुत्रं गावाचं हाय, आमचं न्हाई." खरे तर तसेच होते. पण बेवारशी कुत्र्यांना विष घालणारे आले, तेव्हा मीच तुझ्या जुन्या वहाणेचा पट्टा कापून मोत्याच्या गळ्यात बांधला आणि "हा आमचा" म्हणालो. सगळ्यांनी ऐकले.

जनावर ज्याच्या ताब्यात, त्याची जबाबदारी, असे कायद्याच्या पुस्तकात आहे. पट्टा बांधणे म्हणजे ताबा का, ते मला कळत नाही. माझे वाचन चुकतही असेल. आमचा नाही म्हटले तर मोत्या मरेल. आमचा म्हटले तर भिमाबाईच्या औषधपाण्याचा भार तुझ्यावर येईल, मी काही कमावत नाही.

काल ती दारात आली. पोटात इंजेक्शने घेऊन वाकून चालते. म्हणाली, "आण्णा, तुमचं कुत्रं बरं हाय न्हवं? मला तर धड उभं ऱ्हाता येत न्हाई."

आज तिच्याबरोबर पुण्याच्या दवाखान्यात जातो आहे. मोत्याला मागे बांधले आहे, सोडू नकोस.

वकिलांना तुला न विचारता लिहिले, "कुत्रा माझा आहे." पत्र पेटीत टाकल्यावर परत काढता येईल का म्हणून फटीतून हात घालून पाहिला. पोहोचला नाही.

आण्णा